दाराबाहेरची चौदा वर्षं

माझे काका वारले तेव्हा मी नववीत होते. ते कंधारला राहायचे, ट्रक चालवायचे आणि दारू प्यायचे. काकू सोडून गेल्यावर त्यांनी एका बाईसोबत संसार मांडला होता, लग्न न करता. चर्चला येणं तर केव्हाच सुटलं होतं. पण लातूरला आमच्याकडे आले की पप्पा जेवणाआधी प्रार्थना करायचे आणि काका मान खाली घालून "आमेन" म्हणायचे. इतक्या हळू, की ते फक्त शेजारी बसलेल्या मला ऐकू यायचं.

काका गेल्यावर त्यांना कंधारहून लातूरला आणलं. पप्पांची एकच इच्छा होती. शवपेटी आधी चर्चमध्ये न्यायची, तिथं उपासना व्हायची, मग दफन. दोघा भावांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला होता. दुपारी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीची घाईघाईनं बैठक बसली. तासाभरानं निरोप आला की दफनभूमीत कोपऱ्यात जागा मिळेल, पण पेटी चर्चमध्ये आणता येणार नाही. असा माणूस आत आणला तर मंडळीतल्या तरुणांनी काय शिकायचं?

हे वाक्य कमिटीचे सेक्रेटरी बोलले होते. ते निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पप्पा आणि काका दोघंही चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात शिकलेले.

पप्पा भांडले नाहीत. दफनभूमीवर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, थोडक्यात प्रार्थना उरकली, आम्ही मूठमूठ माती टाकली आणि घरी आलो. पप्पांनी हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "ज्या दारातून माझ्या भावाला आत घेतलं न्हाई, त्या दारातून मी बी जाणार न्हाई."

आईला वाटलं, महिनाभरात राग उतरेल.

पुढच्या रविवारी पप्पांनी नेहमीसारखी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, स्कूटर काढली. आई आणि मला चर्चच्या पायऱ्यांपाशी उतरवलं. मग स्कूटर लावून ते आवारातल्या पाण्याच्या टाकीजवळ कट्ट्यावर जाऊन बसले. उपासना संपेपर्यंत तिथंच होते. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. असं चौदा वर्षं चाललं.

मला सुरुवातीला फार लाज वाटायची. आत आमच्या बाकावर आईशेजारची जागा रिकामी असायची आणि खिडकीतून पप्पांचं डोकं दिसायचं. आम्ही गीताला उभे राहिलो की तेही तिकडे उभे राहायचे. प्रार्थनेला मान खाली घालायचे. शास्त्रपाठ सुरू झाला की मांडीवरचं पवित्र शास्त्र उघडून बोटानं ओळ धरायचे. लोक येता-जाता बघायचे, काही हसायचेही. गुरुजी पायऱ्या चढताना पप्पा उठून उभे राहायचे आणि "सलाम, गुरुजी" म्हणायचे. गुरुजी "सलाम" म्हणून आत जायचे. दोघांमध्ये त्यापलीकडे एक शब्द नाही.

शहरात दुसरी चर्चं होती. त्यांतल्या एका मंडळीचे लोक घरी येऊन पप्पांना म्हणालेही, "आमच्याकडं या की. बाहेर बसायची काय गरज हाय?"

पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मी घर सोडलेलं न्हाई हो. दारातून जात न्हाई एवढंच."

घरातली संध्याकाळची प्रार्थना एकदाही चुकली नाही. पप्पा वीज खात्यात वायरमन होते. कधी खांबावरून उतरून थकून यायचे, अंगाला घामाचा आणि ग्रीसचा वास, पण आधी चटई अंथरली जायची, मग ताट. प्रार्थनेत ते मंडळीतल्या आजारी लोकांची नावं घ्यायचे. ती त्यांना कशी कळायची देव जाणे. गुरुजींचं नाव मात्र त्यात नसायचं. ते येणार असं वाटायचं अशा जागी पप्पा जरा थांबायचे, आणि मग पुढच्या माणसाकडे वळायचे.

एका नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चर्चमधले दिवे अचानक गेले. सजावटीच्या माळा लावता लावता कुठंतरी शॉर्ट झालं होतं. मी आत बायकांबरोबर कागदी तारे चिकटवत होते. पाळकसाहेब बाहेर गेले आणि मला सोडून टाकीजवळ बसलेल्या पप्पांना म्हणाले, "आता तरी या आत. उद्या नाताळ आहे."

पप्पांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी न्हाई येणार साहेब. पण माझी पोरगी आतच हाय."

मेन बोर्ड तिसऱ्या खिडकीच्या बाजूला होता. पप्पा बाहेरून खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. मला आत स्टुलावर चढायला सांगितलं, पायात रबरी चप्पल घालायला लावली, गजांतून टेस्टर दिला.

"आधी मेन पाड. पाडलं?"

"हाव."

"आता टेस्टर लाव. लाल पेटतोय का?"

"न्हाई."

"बरं. डावीकडून दुसरी वायर बघ, काळी पडलीय का?"

वायर मोजताना मी दोनदा चुकले. पप्पांचा आवाज मात्र अगदी शांत होता. अर्ध्या तासानं सगळे दिवे एकदम लागले आणि आतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं. पप्पा गजातून आत बघत होते. दिव्यांकडे नाही, वेदीकडे. तिथं पांढरं कापड अंथरलं होतं, फुलं होती. त्यांचं तोंड मी तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. जत्रेत हरवलेलं माणूस लांबून आपल्या लोकांची बैलगाडी ओळखतं तसं. मग त्यांनी टेस्टर मागून घेतला आणि टाकीकडे गेले.

कॉलेजला असताना एका रविवारी मी ठरवून त्यांच्याजवळ बाहेर बसले. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा; प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस सगळे वाटून घेतात तो. आत पाळकसाहेबांनी भाकर मोडायची प्रार्थना सुरू केली, तसे पप्पा उठले. नळापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, ओंजळीनं पाणी प्यायले आणि चर्चकडे पाठ करून उभे राहिले.

"काय झालं पप्पा?"

"काही न्हाई. हे तेवढं बघवत न्हाई."

"पाळकसाहेब तर म्हणाले होते ना, बाहेर आणून देतो म्हणून?"

"म्हणाले होते. मीच नको म्हणालो." ते खाली कट्ट्यावर बसले. "पोरी, गुरुजींचं तोंड दिसलं की अजून भावाची पेटी दिसते मला. सलाम करतो तो तोंडानं. आतून न्हाई. अशा मनानं हात पुढं कसा करू?"

तोपर्यंत मला वाटत होतं की पप्पा हट्टी आहेत. दार त्यांनी मानासाठी सोडलंय. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्यांना जेवायचं होतं, आणि गुरुजींना माफ करवत नव्हतं म्हणून ते उपाशी होते. आत गीत चालू होतं. पप्पा ओठ हलवून गात होते, पाठ अजून तशीच चर्चकडे.

पुढं मला नांदेडला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, लातूरला येणं महिन्या-दोन महिन्यांवर गेलं. मग एकदा आईचा फोन आला. गुरुजींना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून त्यांची सून त्यांना रविवारी रिक्षानं आणते आणि बाहेरच खुर्चीवर बसवते.

"बाहेर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? सावली फक्त टाकीपाशीच हाय ना," आई म्हणाली.

पहिले दोन रविवार पप्पा कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिसऱ्या रविवारी ऊन सरकलं. गुरुजींच्या डोक्यावर ऊन आलं, त्यांना हलता येईना, कुणाला हाक मारता येईना. सून आत होती. आई म्हणाली, तिनं खिडकीतून बघितलं. पप्पा उठले, खुर्ची गुरुजींसकट उचलून सावलीत ठेवली आणि परत आपल्या जागी गेले. त्यानंतर ते दर रविवारी उन्हाचा अंदाज घेऊन आधीच खुर्ची नीट लावू लागले. गुरुजींना एका डाव्या हातानं गीताचं पुस्तक धरवेना, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून स्वतःच पानं उलटू लागले.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी लातूरला गेले होते, तेव्हा दुपारी जेवून झाल्यावर पप्पांनी मला सगळं सांगितलं. त्याच दिवशी सकाळी, उपासना चालू असताना, गुरुजी बोलले होते. शब्द फुटत नव्हते म्हणून पप्पांना त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"तुझ्या भावाचं... मीच म्हणालो होतो. त्या बैठकीत."

"मला ठाऊक हाय, गुरुजी."

"तेव्हापासून?"

"त्याच दिवसापासून."

गुरुजी रडायला लागले. त्यांचा एका बाजूचाच चेहरा रडत होता, पप्पा म्हणाले. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं की त्या वेळी त्यांचा स्वतःचा मुलगा दारूला लागला होता. बैठकीला आलेला, मागे बसलेला. त्याला भीती बसावी म्हणून ते तसं बोलले. "पोरगा तरी गेलाच," गुरुजी म्हणाले. "तुझा भाऊ बी गेला. दोघं माझ्याच वर्गातले."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी पप्पांना विचारलं.

"स्कूटर घेतली आणि आलो. येताना आपलं घर मागं टाकून बार्शी रोडपर्यंत गेलो. ध्यानातच आलं न्हाई."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पण त्या संध्याकाळी मी चटईवर त्यांच्याशेजारी होते. नेहमीच्या जागी ते थांबले. आईनं डोळे उघडले, मीही उघडले. मग पप्पांनी गुरुजींचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं त्यांना काही मागता आलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेब ताट घेऊन गुरुजींसाठी बाहेर आले. गुरुजींच्या हातातला भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. पप्पांनी त्यांचा हात धरून तोंडाला लावला. प्याला धरला, हनुवटी पुसली. गुरुजींनी डोळ्यांनीच विचारलं, तू?

"अजून न्हाई, गुरुजी," पप्पा म्हणाले. "जवळ आलोय. पण अजून न्हाई."

त्यानंतर चारेक महिने गेले. मार्च सुरू झाला होता, माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या. आईचा फोन आला की गुरुजी गेले. मी अर्धी रजा टाकून लोहा-अहमदपूर मार्गे लातूरची बस धरली. पोचले तेव्हा पेटी चर्चच्या आवारात आली होती. गुरुजींना मुलगा नव्हता उरलेला. सून पायऱ्यांपाशी उभी होती आणि पुढचा एक खांदा रिकामा होता. कुणी पुढं होण्याआधी पप्पा पुढं झाले.

पहिल्या पायरीशी ते थांबले. मागच्या माणसांनाही थांबावं लागलं. पाच पायऱ्या होत्या. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथं वळ दिसत होते. पप्पा काहीतरी पुटपुटले. मला ते काकांचं नाव वाटलं, आईला वाटलं ते आमेन म्हणाले. मग ते चढले आणि चौदा वर्षांनी त्या दारातून आत गेले, ज्या माणसानं त्यांच्या भावाला अडवलं होतं त्याला खांद्यावर घेऊन.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम लातूरला गेले. पप्पा आईशेजारी बसले होते. ताट आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढं केले, लहान मूल करतं तसे. खाऊन झाल्यावर ते किती तरी वेळ वाकून बसले. कुणी त्यांना उठवलं नाही.

संध्याकाळी मला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा मी विचारलं, "कसं वाटलं पप्पा?"

"भुकेल्याला भाकर मिळाल्यावर कसं वाटतं? तसंच." मग स्कूटरला किल्ली लावत म्हणाले, "पण माझ्या भावाला आत न्यायचं राहिलंच की गं."

बस सुटली. चाकूर मागं पडलं तरी माझ्या मनातून ते जाईना. मी नांदेडला एकही रविवार चुकवत नाही. ताट येतं, मी घेते, पुढच्या बाईकडे देते आणि मनात घरचा स्वयंपाक चालू असतो. पप्पांसारखी भूक मला एकदाही लागलेली नव्हती. त्या भुकेचा मला हेवा वाटला.

माझी नणंद नायगावला असते. सासूबाईंच्या आजारपणात आमचं जोरात वाजलं होतं, आणि दोन वर्षं झाली, आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. चूक तिची होती असं मी सगळ्यांना सांगत आले होते. थोडी माझीही होती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये ताट माझ्यापर्यंत आलं, आणि मी ते न घेता पुढं दिलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं.

उपासना संपल्यावर मी बाहेर आवारात उभी राहून नणंदेला फोन लावला. रिंग जात राहिली. मला वाटलं, ती उचलणार नाही.

"हॅलो," ती म्हणाली. "मी बोलतेय," मी म्हणाले. तिनं फोन ठेवला नाही.