माझ्या नावानं

आमच्या घरात कानडी वाचता येणारं माणूस एकच आहे, आणि ते साडेनऊ वर्षांचं आहे.

बोलता मलाही येतं. बाजारात, बसमध्ये, तालुक्याच्या ऑफिसात माझं कानडी ऐकून कुणी वळून बघत नाही. पण अक्षर समोर आलं की मी ठार आंधळा. ह्यात नशिबाचा काही दोष नाही, हट्टाचा आहे. बेळगावच्या सीमाभागात, येळ्ळूरला वाढलेल्या माझ्या पिढीला त्याचं कारण विचारायचं नसतं. शाळेत कानडीचा तास होता. परीक्षेपुरती अक्षरं गिरवली, धडे पाठ करून पास झालो आणि नंतर ती अक्षरं मुद्दाम विसरलो. त्या वयात विसरण्यातही मर्दुमकी वाटायची. पुढं बेळगावात एका छापखान्यात मराठी लग्नपत्रिकांच्या कामाला लागलो. कानडी पत्रिका बघायला तिथं दुसरा माणूस होता, त्यामुळं माझं कधी अडलं नाही. बायको निपाणीकडची, बोरगावात मराठी शाळेत शिकलेली. तिचीही तीच गत.

मुलगी झाल्यावर मात्र आम्ही शहाणे झालो. मराठी शाळा टिकल्या पाहिजेत म्हणून सभेत टाळ्या वाजवणाऱ्या मी स्वतःच्या पोरीला गुपचूप शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथं कानडी पक्कं करून घेतात, उद्या नोकरीला अडायला नको, हा हिशेब. गावात कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. अजूनही बदलतो.

कोरोनात तिची बालवाडी फोनवर भरली. त्यासाठी एक वापरलेला फोन घेतला. सिमकार्ड माझ्या नावावर काढलं आणि शाळेत पालकांचा नंबर म्हणून तोच दिला. चार वर्षांच्या पोरीला तेव्हा धड मुळाक्षरं येत नव्हती, पण आपला आवाज कधी बंद ठेवायचा आणि कधी चालू करायचा हे येत होतं. पुढं शाळा सुरू झाल्या, फोन घरातच राहिला. मी सकाळी आठला बाहेर पडतो तो सातला परत. बायको शहरात साडीच्या दुकानात, तिला यायला आठ वाजतात. पोरगी साडेचारला व्हॅनमधून उतरते, शेजारच्या चुलतीकडून किल्ली घेते आणि कुलूप काढते. मग घरात ती आणि तो फोन.

पहिल्यांदा आम्हाला कौतुकच होतं. लाईट कधी जाणार, पाणी कधी सुटणार, पंचायतीनं काय कळवलंय, सगळं कानडीत यायचं आणि सगळं ती वाचून सांगायची. गल्लीतल्या बायका कागद घेऊन दारात यायच्या. "बाळ, जरा बघ गं काय लिवलंय." ती उंबऱ्यावर बसून, पाय हलवत, वाचून समजावून सांगायची. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही आमची वकील" म्हणून सांगायचो. शाळेचे निरोपही तिच्याच तोंडून मिळायचे. उद्या पांढरा ड्रेस, सोमवारी सुट्टी. मी नुसतं हूं म्हणायचो. माझ्या हातात माझा फोन असायचा आणि सीमाप्रश्नाच्या कुठल्यातरी ग्रुपवर मी कुणाची तरी खरडपट्टी काढत असायचो.

कधी खटकायला लागलं ते नेमकं सांगता येणार नाही. एकदा सकाळी ती व्हॅनवाल्याशी फोनवर बोलत होती. "अंकल, उद्या दहा मिनटं लवकर येवा, आमच्या घरात जरा गडबड हाय." आवाज असा, की चाळिशीतली बाई बोलत असावी. बूट शोधताना मी जागच्या जागी थांबलो. आणखी एकदा माझं छापखान्यात मालकाशी वाजलं होतं आणि मी घरी येऊन आदळआपट करत होतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, टेन्शन घेऊ नका. मी बघते." काय बघणार होती ती, देव जाणे. बायको हसली. मला हसू आलं नाही, उलट रागच आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

मग दिवाळी आली. आमच्याकडं दिवाळीत पोरं किल्ले करतात, म्हणजे गल्लीगल्लीत चढाओढ लागते. दगड, माती, पोती, वर पेरलेली मोहरी. चुलतभावंडांनी अंगणात मोठा किल्ला घातला होता. पोरं कोपरापर्यंत चिखलात. आमची पोरगी दोन पायऱ्या वर उभी राहून फोनवर शूटिंग करत होती. "तू सरक, उजेड अडवालास. बुरूज परत कर, मघाशी नीट दिसला न्हाय." पोरं मुकाट्यानं ऐकत होती. किल्ला झाला, तिनं तो स्टेटसला लावला आणि कुणी कुणी बघितलं ते मोजत बसली. तिच्या हाताला मातीचा एक कण नव्हता. मी तिच्या वयाचा असताना किल्ल्याची माती आठवडाभर नखांतून जात नसे. मला एकदम वाटलं, ही पोरगी आपल्या हातून चाललीय. थोडे दिवस राहिलेत, आत्ताच काहीतरी करायला हवं.

केलं ते एवढंच, की फोन काढून घेतला. भाऊबीज झाल्यावर तिला समोर बसवून भाषण दिलं. लहानपण एकदाच येतं, बाहेर जा, खेळ, पड, गुडघे फोडून घे. फोन कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्या खिशात. मला वाटलं होतं रडेल, पाय आपटेल. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "किती दिवस?"

"कळेल तेव्हा कळेल."

"मग टीचरना काय सांगायचं?"

"टीचरचं मी बघतो," मी म्हणालो.

मी काही बघितलं नाही. ते माझ्या डोक्यातूनच गेलं. पोरगी बाहेर खेळायलाही गेली नाही. साडेचारला यायची आणि खिडकीशी बसून राहायची, असं चुलती सांगायची. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मी बायकोला ऐकवत होतो, "बघ, किती सवय लागलेली. दारुड्याची दारू सुटताना असंच होतं." बायको म्हणाली, "पोरगी हाय ती, दारुडा न्हवं." त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद.

दोनेक आठवड्यांनी तिच्या डायरीत लाल शाईनं चार ओळी आल्या. कानडीत. मी डायरी तिच्यापुढं धरली. तिनं वाचून सांगितलं, "शनिवारी शाळा सुटल्यावर येवा म्हणतात. एकटेच येवा म्हणतात."

"का?"

"तेवढं लिवलं न्हाय."

त्या तीन दिवसांत मला चैन नव्हती. एकटेच या, म्हणजे काय? त्या फोनवरून तिनं कुणाला काय पाठवलं? कुणी तिला काय पाठवलं? वर्तमानपत्रात येतं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून जायला लागलं. पत्रिकेवर एका नवऱ्या मुलाच्या नावापुढं मी चि. ऐवजी कै. टाकलं. मालकाच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर लग्नघरच्यांनी मला तुडवला असता. शेवटी कपाट उघडून फोन बाहेर काढला, चार्ज केला, तर त्याला पॅटर्नचं लॉक. माझ्या नावावरचा फोन, मीच जप्त केलेला, आणि मलाच उघडता येईना. बोटानं आडवं, उभं, तिरकं, सगळं करून बघितलं. थोड्या वेळानं फोनच म्हणायला लागला, अर्धं मिनिट थांबा. तिला विचारायचं तर माझं नाक खाली येत होतं. आणि खरं सांगायचं तर आत काय निघेल त्याचीही भीती वाटत होती. बंद फोन तसाच खिशात घालून मी शनिवारी शाळेत गेलो.

पोरगी व्हॅननं पुढं घरी गेली होती. वर्ग रिकामा होता. टीचर पन्नाशीच्या, धारवाडकडच्या. मराठी बोलतात, पण घसरत घसरत. "बर्री, कूड्री, बसा," म्हणाल्या. मी लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

"तुमचे मेसेज बंद झाले, म्हणून बोलावलं," त्या म्हणाल्या. "मी चार वेळा विचारलं, उत्तर नाही."

"माझे मेसेज?"

त्यांनी आपला फोन काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. एक ओळ कानडीत, मग तिचं मराठी. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतचे निरोप होते. सगळे माझ्या नंबरावरून, सगळे माझ्या नावानं.

"नमस्कार टीचर, काल तिला ताप होता, म्हणून गृहपाठ झाला नाही. तिला उभं करू नका."

"टीचर, तिची आई लवकर कामाला जाते, म्हणून डब्यात कधी कधी बिस्किटं असतात. सगळ्यांसमोर विचारू नका. तिला लाज वाटते."

"नाचात तिला मागच्या रांगेत ठेवलं तरी चालेल. पण ठेवा."

"मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून अभ्यास घेतो. तिला सगळं येतं. भागाकाराला फक्त घाबरते. मी शेजारी असलो की घाबरत नाही."

मी कधीही तिच्याजवळ बसलो नव्हतो. ती भागाकाराला घाबरते हे मला त्या बाकावर बसून कळलं. तिला ताप आला होता तो दिवसही मला आठवेना. मी हातातली पिशवी उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेत होतो. लाज वाटत होती, आणि विचित्र म्हणजे हेवाही वाटत होता, त्या मेसेज लिहिणाऱ्या बापाचा. चांगला माणूस होता तो.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "मला कानडी वाचताच येत नाही."

"तुम्ही लिहिलेलं नाही, ते ठाऊक आहे. दुसऱ्या मेसेजला ओळखलं मी. बाप लोक एवढं नमस्कार-बिमस्कार लिहीत नाहीत. आणि रोज पाच वाजताच कसे लिहितील?" त्या किंचित हसल्या. "मग मी पण तुम्हालाच लिहायला लागले. तिला सांगा, आज गणित छान केलं. तिला सांगा, घाबरू नको. म्हणजे ती वाचणार."

"मग मला आधी का नाही बोलावलं?"

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तुम्ही नंतर वाचत असाल. फोन तुमचा आहे ना?"

मी खिशातला फोन चाचपला. लहानपण परत द्यायचं म्हणून मी तिच्या हातातून ज्या दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या, त्यांतली एक म्हणजे फोन. दुसरी, तो मेसेज लिहिणारा बाप, मला आत्ता कळत होती. निघताना टीचर म्हणाल्या, तिला रागावू नका. ही त्यांची विनंती की तिचाच एखादा जुना निरोप त्या वाचत होत्या, हे मला कळलं नाही.

छापखान्यात गेलो नाही, घरीही गेलो नाही. तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. काय बोलायचं ते जुळवत होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या नावापुढं सप्रेम, सविनय लावणारा माणूस मी, पोरीशी बोलायची दोन वाक्यं मला जुळेनात.

घरी पोहोचलो तेव्हा साडेसात होत आले होते. ती चटईवर बसली होती. समोर दप्तर, पण बंद. मी खिशातून फोन काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला नाही. माझ्या तोंडाकडं बघत होती, डॉक्टर बघतात तसं.

"माझ्या नावानं कशाला लिवलंस?" मी विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, तरी जरा चढलाच.

"मी लिवलं असतं तर टीचरनी ऐकलं असतं? पप्पांनी सांगितलं की ऐकतात."

"मग मला सांगायचं हुतं. मी बोललो असतो."

मी बोललो असतो की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं वर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "पप्पा, रागवायचं असलं तर आत्ताच रागवून घेवा. आई यायच्या आत. तिला कशाला उगंच टेन्शन."

मी रागावलो नाही. तिच्या शेजारी चटईवर बसलो आणि म्हणालो, "भागाकार काढ." तिनं वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, पहिलं गणित उतरवून घेतलं. पण सोडवायला काही घेईना. तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघत राहिली, मी खरंच बसलोय की आता उठणार आहे, याचा अंदाज घेत.