गल्लीचं माप

गोंदिया वेगळा झाला आणि आमचा भंडारा जिल्हा निम्मा उरला, गाड्या मात्र तेव्हापासून वाढतच गेल्या. पवनीतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत अजून एकही चारचाकी नव्हती. तो मान आपल्याला मिळावा असं मी ठरवलं. निमित्त आईचं. गुडघ्यांमुळे तिला एसटीत चढता येईना, आणि आसगावचं माहेर इतकं जवळ असून तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

आईसाठी गाडी घ्यायची म्हणजे अभ्यास हवाच. महिनाभर मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि वहीत दोन रकाने आखले. एकीकडे सात जणांची मोठी एसयूव्ही, दुसरीकडे पाच जणांची छोटी. घरात माणसं चार, पण माझा जीव मोठीत अडकला, कारण तिला सनरूफ होतं. ज्या गावात मे महिन्यात माणसं दुपारी कूलरपुढून हलत नाहीत, तिथे ऊन आत यावं म्हणून छताला भोक हवं, हे मला अगदी पटलं होतं. वहीत बावीस मुद्दे झाले. गुडघे त्यात नव्हते.

बाबांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. छापील मापावर त्यांचा विश्वास नाही. शोरूमला निघताना त्यांनी गल्लीच्या सर्वांत अरुंद जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत सुती धागा ताणला, तोडला आणि खिशात ठेवला.

शोरूममध्ये मी थेट मोठीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसलो. आईनं दार धरलं, एक पाय वर ठेवला, जराशी थांबली आणि पाय खाली घेतला.

"मले बाहेरूनच बरी दिसते," ती म्हणाली. लाजत असेल, असं मी समजलो. छोटीत मात्र ती सहज बसली, तेव्हा मी सनरूफची किंमत विचारत होतो.

मग बाबांनी धाग्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून मोठी मोजली. धागा वीतभर कमी पडला.

"गल्लीत नाही मावत," त्यांनी निकाल दिला. छोटी मावली. सेल्समन मिलिमीटरमधलं माप दाखवू लागला, तर बाबा म्हणाले, "आमी सुतानं मोजतो."

विणकराच्या मापाशी आमच्या गल्लीत कोणी वाद घालत नाही. मी छोटी घेतली आणि महिनाभर घुश्श्यात चालवली.

पुढे शेजारच्या लग्नाला नवरदेव नेमका त्याच मोठ्या गाडीतून आला. गाडी आरसेही न मिटता आरामात गल्लीतून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना गाठलं.

"बाबा, धागा तर कमी पडला होता."

"सैल धरला होता मी. बोनेटच्या उंचवट्यावरून टाकला," ते शांतपणे म्हणाले. "दुसरं टोक तुह्याच हाती होतं. पाह्यलं काहून नाही?"

ज्यानं आयुष्यात एक लुगडं बोटभर आखूड विणलं नाही, त्या माणसानं माप खोटं केलं होतं.

"मग तेव्हाच सांगायचं."

"तुही आई तुह्यासमोर चढता चढता थांबली, अन् तू छताकडे पाहून राहिला होता. सांगून तुले काय समजलं असतं?"

मला फार लाज वाटली. मी किल्ली घेऊन बाहेर आलो. त्या दिवशी आसगावला जायचं होतं. आई मांडीवर पिशवी घेऊन गाडीत कधीचीच बसली होती. दार तिनं स्वतःच उघडलं होतं.