लातूरचा भित्रा मलप्पा

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मलप्पा फिटर होता आणि अख्खी मिल त्याला भित्रा म्हणायची. तोंडावर म्हणायची. त्याला राग यायचा नाही. “हाव, भितो,” म्हणायचा आणि पाना घेऊन पुढच्या मशीनकडं जायचा.

बरं, एखाद्याचं बोटबिट गेलेलं असतं, त्यानं जन्मभर मशीनला भ्यावं, हे समजू शकतं. मलप्पाची सगळी बोटं जागेवर होती. साफसफाईवाल्या पंचफुलानं एकदा चहाच्या वेळी नीट बघून खात्री करून घेतली होती.

“काहीच झालं न्हाई, तर एवढं कशाला भिता?”

“झाल्यावर भिऊन काय करू, अक्का?”

“अन् अक्का कुणाला? तुमच्या मिशा पांढऱ्या होऊन राहिल्या.”

मलप्पा देगलूरकडचा. तिकडच्या कानडी-तेलुगूचं वारं लागलेलं. समोरची बाई सोळाची असो की साठीची, त्याच्या लेखी अक्काच.

पंचफुला साडीवर नवऱ्याचा फुलशर्ट चढवून, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तुरीच्या धुळीत असायची. मिलमध्ये तूर वर चढवायला एलिव्हेटर असतो. उभ्या पत्र्याच्या पेटीत पट्टा, पट्ट्याला ओळीनं लोखंडी बादल्या. त्याचं बूड जमिनीखालच्या खड्ड्यात. तूर ओली आली की बुडाशी लगदा बसायचा आणि सगळंच अडायचं. मग कुणीतरी खड्ड्यात उतरून बारक्या झाकणातून हात घालायचा आणि तूर उपसायची. बाप्यांचे हात त्या झाकणात जात नसत. पंचफुलाचा खांद्यापर्यंत जायचा. “माझ्या हातावर मिल चालू हाय,” असं ती सांगायची आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

या कामाला मलप्पाचा एक नियम होता. आधी मोटरचा खटका पाडायचा. मग विजेच्या पेटीतले चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसायचे आणि खड्ड्यात उतरणाऱ्याच्याच खिशात टाकायचे. ज्याचा हात आत, फ्यूज त्याच्यापाशी. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडल्याशिवाय तो खाली उतरूही द्यायचा नाही. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं काम होऊन चहासुद्धा पिऊन झाला असता, असं पंचफुलाचं मत होतं.

परवाच्या हंगामात एका सकाळी नव्या तुरीनं तिसऱ्यांदा एलिव्हेटर अडवला, तेव्हा तिचा संयम संपला.

“ऱ्हाऊ द्या ते तुमच्यापाशी. झटक्यात होतंय काम. ह्या ओझ्यानं खिसा उसवतो, घरी बोलणी मी खाती.”

“खिसा मी शिवून देतो,” म्हणत मलप्पानं तिन्ही फ्यूज तिच्या खिशात टाकलेच. तेवढ्यात पलीकडच्या चाळणीवरून त्याला हाक आली आणि तो गेला.

पंचफुला खड्ड्यात उतरली. हात खांद्यापर्यंत आत, गाल पत्र्याला टेकलेला, डोळे जमिनीच्या पातळीवर. आणि पोत्यांच्या थप्पीमागून तिला पांढरे बूट येताना दिसले. मालकाचा पुतण्या बसवराज. पोरगा वाईट नव्हता, नुकताच कॉलेज संपवून कामाला लागला होता आणि कुठलीही बंद वस्तू दिसली की चालू करावी, एवढंच आतापर्यंत शिकला होता. दारात ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. एलिव्हेटर बंद. बसवराजनं खटका वर केला.

पंचफुला ओरडली. पण तोंडावर रुमाल, पलीकडं पॉलिशची मशीन धडधडतेय. हात ओढायला गेली, तर कोपर दोन बादल्यांच्या मध्ये अडकलेलं.

त्यानं हिरवं बटन दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. मग अंगठा तसाच दाबून धरला, घरात माणसं आहेत हे माहीत असताना बेल दाबून धरतात तसा. बादल्या जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात तिनं हात सोडवून घेतला.

“मलप्पा, मोटर जळाली वाटतं,” बसवराज ओरडला.

मलप्पा पळत आला. त्याला पळताना मिलनं तोवर बघितलं नव्हतं. त्यानं आधी खड्ड्यात डोकावून बघितलं, मग खटका पाडला आणि मगच बोलला.

“जळाली न्हाई, मालक. अक्काच्या खिशात हाय.”

खड्ड्यातून फ्यूज धरलेला हात वर आला. बसवराज पांढरा पडला आणि तिथंच पोत्यावर बसला. “मला दिसलंच नाही हो, मावशी,” हेच परत परत म्हणत राहिला.

“मला दिसलात तुम्ही,” पंचफुला म्हणाली. मग खड्ड्यातून वर येऊन तिनंच त्याला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी ती घरी भाकरी थापत होती. नवरा केरबा समोर बसला होता.

“काय झालं आज मिलमधी?”

“काही न्हाई.”

ते खरंच होतं. पण एवढं मोठं ‘काही न्हाई’ तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. परातीतल्या पिठावर आपले दोन हात फिरताना बघत ती बसली.

“तव्यावरची करपली की.”

“करपू द्या.”

केरबानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि करपलेली भाकर मुकाट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऑटोतून येताना मलप्पाला काय म्हणायचं ते ती घोकत होती. आभार हा शब्द तिला स्टेजवरचा वाटायचा. उपकार म्हणावं, तर तो थट्टा करणार. शेवटी ती त्याच्यापुढं जाऊन नुसती उभी राहिली. मलप्पा बेअरिंगला ग्रीस भरत होता.

“काल रातभर तुमचंच नाव घेऊन राहिले,” ती म्हणाली.

“शिव्या देत?”

“न्हाई.”

मलप्पा ग्रीसचे हात उगीच पुसत राहिला.

“ते फ्यूज काढायचं मला बी दावा,” ती म्हणाली. “तुम्ही रजेवर गेल्यावर कोण काढंल?”

“मी रजेवर जात न्हाई.”

“कधीतरी मरणार तर हाईत का न्हाई?”

मलप्पा एवढा हसला की चाळणीवरची माणसं वळून बघायला लागली. मग डोळे पुसत त्यानं टेस्टर तिच्या हातात दिला आणि तिला विजेच्या पेटीपाशी नेलं.