हरता न येणारा पत्ता

"ही कोंबडी नाई चालत. कागदाची आहे. खरी आन," डोलू म्हणाला, आणि सतरंजीवर बसलेले सगळे हसले. फक्त आमच्या संस्थेचे प्रशिक्षण अधिकारी साहेब हसले नाहीत.

अहेरीच्या पुढच्या एका जंगलगावात आम्ही भूमिका-खेळ तपासायला गेलो होतो. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या संस्थेला हा खेळ तिथल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत वाटायचा होता. कागद गिरणीच्या फाटकावर कामगारांची पत्रकं वाटणारा मी बल्लारपूरचा पोरगा. लोक काय वाचतात आणि काय फेकतात हे मला कळतं, म्हणून संस्थेनं परीक्षक नेमलं. अहवालावर माझीही सही लागायची.

भूमिका-खेळ म्हणजे काय, ते सांगतो. सापशिडीत तुम्ही नुसती सोंगटी असता. इथे तुम्ही कोणीतरी माणूस असता. पत्त्यावर लिहिलेलं असतं, तुम्ही मजूर, ठेकेदार नाहीतर वनरक्षक. फासा टाकायचा, आणि घर येईल तिथे त्या माणसासारखं बोलायचं, भांडायचं, सौदा करायचा. न्याय सूत्रधार करतो. चांगला खेळ ओळखायची माझी कसोटी एकच: मोठ्या पत्त्याला, म्हणजे अधिकार असलेल्याला, हरता येतं का? येत नसेल तर तो खेळ नाही, हुकूम आहे. फासा नुसता शोभेला.

आमचा खेळ साहेबांनी स्वतः लिहिला होता. गार्डच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, पत्त्यावर छापलं होतं, 'तुमचा निर्णय अंतिम.' मजुराच्या पत्त्यावर, 'शेवटी आपली चूक कबूल करा.' खेळ सुरू होण्याआधीच चूक कोणाची ते ठरलेलं.

गार्डचा पत्ता वर्गातल्या डोलूला आला, मजुराचा चिन्नक्काला. वर्ग चालवणाऱ्या रजनीताई पत्ते वाचून दाखवत होत्या. चिन्नक्काची सोंगटी 'परवानगीशिवाय सरपण' या घरावर पडली. दंड एक कोंबडी. तिनं चित्राचा पुठ्ठा पुढे केला, तेव्हाच डोलू ते कागदाच्या कोंबडीचं बोलला.

"कागदाची कोंबडी कोन घेते?" चिन्नक्का म्हणाली. "गार्ड येते तं खरीच लागते." ती उठली, घरी गेली आणि पाय बांधलेली कोंबडी आणून डोलूपुढे ठेवली.

"अहो, खेळ आहे हा," साहेब उठून म्हणाले. "परत द्या ती."

डोलूनं मांडी हलवली नाही. "साहेब, बसून बोला. आता गार्ड मी आहो. तुमचाच पत्ता म्हनते, निर्णय अंतिम."

बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "साहेबाले बी दंड लाव रे," मागून एक म्हातारी म्हणाली. साहेबांनी पट गुंडाळला. डोलूनं कोंबडीचे पाय सोडले. ती घराकडे पळाली.

जीपमध्ये साहेबांनी अहवाल माझ्या मांडीवर ठेवला. 'खेळ व वास्तव यांतील फरक समजत नाही. गाव अपात्र.' अपात्र गावाचा वर्ग उठवून दुसरीकडे नेत. निघताना रजनीताई एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, चार बाया आत्ता कुठी सही करून राह्यल्या. वर्ग गेला तं पुन्हा अंगठा."

"सही कर," साहेब म्हणाले.

"नाही करणार. गावाले फरक चांगला समजला. म्हणूनच तुम्ही चिडले."

"तुझं पत्रक इथं नको."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या दारातून खरी कोंबडी जाते त्यानं पुठ्ठ्यापुढे चूक कबूल करायची, आणि नाही केली तर तो मागासलेला? कोणत्या तोंडानं?

चंद्रपूरच्या ऑफिसात संस्थेच्या प्रमुख बाईंपुढे मी एकच मागणी केली. खेळ इथे खेळू. मजूर साहेब. गार्ड आमचे ड्रायव्हर बाबूभाई, ते घुग्घुसच्या कोळसा खाणीकडचे, हिंदी बोलणारे. बाई स्वतः सूत्रधार झाल्या.

पहिल्याच फेरीत साहेबांना दंड बसला आणि पुढची पाळी गेली. मग पुन्हा दंड. साहेब नियम समजावू लागले. बाबूभाई शांतपणे म्हणाले, "रोज का येही नाटक है तुम्हारा. गठ्ठा उतारो."

"म्हणजे मी नुसतं बसून राहायचं?" साहेबांचा आवाज चढला. "मला बोलायची सोय आहे की नाही यात?"

"पत्त्यावर काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. 'शेवटी आपली चूक कबूल करा,' हे आपलंच वाक्य त्यांनी मनात वाचलं. मग पत्ता पटावर पालथा ठेवला. बाईंनी अहवाल घेतला आणि 'अपात्र' वर काट मारली.

वर्ग राहिला. रजनीताई अजून तिथेच शिकवतात. खेळही राहिला, कारण तो सुधारायचं काम पुन्हा साहेबांकडेच गेलं. सुधारलेली प्रत परवा माझ्या हातात आली. मजुराच्या पत्त्यावरची कबुली गेली आहे, हे खरं. पण गार्डचा पत्ताच त्यांनी काढून टाकला. आता पटावर जंगल आहे, सरपण आहे, कोंबडीचा दंडही आहे. घेणारा मात्र कोणी नाही.

आता माझ्याकडे खेळ तपासायला आला की आधी तो लिहिणाऱ्याला बोलावतो. सगळ्यांत लहान पत्ता त्याच्या हातात देतो, आणि फासा बाबूभाईंच्या.