पुंगळ्या आणि तांदूळ

रायफल माझी. हे आधीच सांगते, कारण ब्रिस्टलमधल्या आमच्या मराठी मंडळींना ते अजूनही पचलेलं नाही. नवरा विमानाच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला, आणि रायफल क्लबला जाते कोण, तर ही जीपी डॉक्टरीणबाई! पण पुण्यात कॉलेजला असताना, एनसीसीत माझा नेम चांगला होता, आणि रिटायर झाल्यावर मला भिशीही नको होती नि भजनही.

ह्यांना नेमबाजीत काडीचा रस नव्हता. गोळी सुटल्यावर काडतुसाची पितळी पुंगळी उरते, ती साफ करून पुन्हा भरता येते, एवढं कळलं मात्र, आणि स्वारी खूश. साफ करायला टंबलर, म्हणजे पुंगळ्या घुसळून चकचकीत करणारं यंत्र हवं, आणि कुठला टंबलर घ्यायचा यावर आमच्याकडे जेवताखाता चर्चासत्र. मी म्हटलं, फिरत्या ड्रमचा घ्या, आवाज तरी कमी. तर म्हणाले, "ड्रममध्ये पाणी आलं. पाणी आलं की वाळवण आलं. या देशात वाळवण घालणार कुठे तू, सांग?" मग आला तो थरथरणारा, ज्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घालतात. दुपारभर गॅरेजमध्ये घरघर, घरघर. मी त्याला घरघंटी म्हणायचे.

निगा राखावी तर ह्यांनीच. भांडं काठोकाठ भरायचं नाही, मोटर तापते. भरड्यात, कपड्यांच्या ड्रायरमध्ये घालतात त्या सुगंधी कागदांचे वापरलेले तुकडे टाकायचे, धूळ त्यांना चिकटते. भरडा काळा पडला की सरळ फेकायचा. चाळताना मास्क आणि हातमोजे, कारण त्या धुळीत शिसं असतं. मी एकदा तशीच हात घालायला गेले तर केवढे ओरडले होते माझ्यावर.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. मेमरी क्लिनिकमधल्या मुलीने गोड हसत जे सांगितलं, ते मला आधीच कळलेलं होतं. आधी गाडी बंद झाली. मग एकट्याने बाहेर जाणं. मग मी गॅसपाशी उभं राहू देईना. एकेक काढून घेताना माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी चिडते, हा माझा स्वभाव. राहता राहिला टंबलर. पुंगळ्या रिकाम्या, रायफल माझ्या कुलपात. म्हटलं, एवढं राहू दे. हातमोजे मीच काढून ठेवायचे. त्या टेबलापाशी उभे राहिले की हे पूर्वीचे दिसायचे. हेही गेलं तर ह्यांच्यातलं काय उरणार, याची मला फार भीती वाटायची.

त्या शनिवारी लेक नातीला घेऊन जेवायला येणार होती. वरणभात लावायचा म्हणून तांदूळ धुवायला घेतले. पहिलं पाणी करडं. दुसरं पाणी त्याहून काळं. पातेल्यात हात फिरवला तर तळाशी काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं, तर पुंगळी! लखलखीत, सोन्यासारखी.

"अहो, हे काय आहे?"

"अक्रोडाचा भरडा संपला होता," हे म्हणाले. "तांदूळ फक्कड काम करतो. बघ ना, काय चमक आलीये."

"आणि परत डब्यात ओतलात?"

"मग काय करू?" मलाच वेड लागल्यासारखं बघत होते. "तांदूळ कोणी फेकतं का?"

ताटातलं शेवटचं शीतही वेचून खाणारा माणूस. तेवढं मात्र विसरला नव्हता. शिशाचं साफ विसरला होता.

"विष आहे त्यात! पोरीच्या पोटात गेलं असतं!" मी किंचाळलेच. डबा अख्खा कचऱ्याच्या बिनमध्ये उपडा केला. हे खाली बसून जमिनीवर सांडलेले दाणे वेचायला लागले. मी त्यांच्या मुठी उघडून दाणे काढून घेतले आणि नळाखाली ह्यांचे हात लहान मुलासारखे धुतले. हे हात पुढे करून उभे राहिले.

लेक आली. जेवण बाहेरून मागवलं, कोणी नीट खाल्लं नाही. जाताना तिने टंबलर गाडीच्या डिकीत घातला. मीच म्हटलं होतं, घेऊन जा बाई, क्लबातल्या कुणाला तरी देऊन टाक. हे दारात उभे राहून बघत होते. वाटलं होतं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

गाडी गेल्यावर हे गॅरेजमध्ये गेले. मी ओटा पुसत होते, डोळेही पुसत होते. थोड्या वेळाने किचनच्या दाराशी आले, पण आत येईनात. परक्याच्या घरात उभं राहावं तसे, अंग चोरून. लग्नाच्या दिवसापासून मला 'तू' म्हणत आलेला माणूस अदबीने म्हणाला,

"अहो बाई, इथलं माझं काम संपलं वाटतं. मग मी घरी जाऊ का?"