तोंडावर आलेला हात

माझे यजमान गेले त्या वर्षापासून मी देवाशी बोलणं सोडून दिलं होतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. तंजावुरात आमच्या घरी भवानीचा टाक आहे. त्याच्यापुढे दोन्ही वेळा दिवा लागत होता, शुक्रवारी कुंकू वाहिलं जात होतं. पण इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी तिला जितकं विनवलं होतं तितकं आयुष्यात कुणालाच विनवलं नव्हतं, आणि डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले होते. त्यानंतर मागायचं कशाला, असं माझ्या मनाने परस्परच ठरवून टाकलं. यापुढे जे सांभाळायचं ते आपलं आपण, अशी माझी समजूत झाली. आणि सांभाळायला उरली होती एकच, माझी मुलगी तुळजा.

बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी तिला मोठ्या कालव्यापलीकडे सायकल नेऊ देत नसे. कचेरीतून यायला मला उशीर झाला तर शेजारच्या मामींकडे तिने बसायचं, असा नेम होता. त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली आणि घरात नवनवे परदेशी चॅनल दिसू लागले. त्यातल्या एकावर तुळजाने कुठल्याशा देशातली एक बाई सरळसोट कड्यावर पालीसारखी चढताना पाहिली, आणि तिच्या डोक्यात तेच बसलं. आमच्याकडची जमीन तळहातासारखी सपाट. कावेरीच्या गाळात मुठीएवढा दगड मिळायची मारामार. म्हणून मी निर्धास्त होते. पण गल्लीच्या टोकाला सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. मुलं त्यांना सुभेदारसर म्हणायची. ते रविवारी शाळकरी मुलांना घेऊन पुदुकोट्टैच्या बाजूच्या एका काळ्या कातळाच्या टेकडीवर जात आणि चढायला शिकवत. तुळजा महिनाभर माझ्यामागे लागली. “दोर वरून बांधलेला असतो, अम्मा. हात सुटला तरी मी तिथेच लोंबकळत राहते, खाली येतच नाही,” असं तिने मला पंख्याच्या कडीला ओढणी बांधून दाखवलं. शेवटी मी हो म्हटलं.

काही महिने असे गेले. मग एका रविवारी सकाळी ती म्हणाली, “आज तू पण ये की, अम्मा.” का ते सांगेना. मी गेले.

टेकडीच्या पायथ्याशी अम्मनचं, म्हणजे तिथल्या ग्रामदेवीचं, लहानसं देऊळ आहे. आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिथे चूल मांडून नैवेद्याचा पोंगल, डाळतांदळाचा मऊ भात, शिजवत होत्या. नवस फेडायला आल्या असाव्यात. त्यांच्यापासून जरा पुढे कातळ एकदम उभा होतो. मी पोहोचले तेव्हा तुळजाच्या कमरेला दोर बांधून झाला होता. मी सवयीने वर पाहिलं. वर दोर नव्हता. तो सगळा खाली जमिनीवर वेटोळं होऊन पडला होता.

“सर, दोर वर बांधायचा राहिला,” मी म्हटलं.

सुभेदारसर हसले. “आज दोर तीच वर नेणार आहे, अम्मा. आज ती पहिली चढते आहे. तिने तुम्हाला सांगितलं नाही?”

मग त्यांनी मला समजावलं. खडकाच्या भेगांमध्ये त्यांनी पूर्वी लोखंडी मेखा ठोकून ठेवल्या होत्या. एकेका मेखेशी पोहोचलं की तिला कडी अडकवायची आणि कडीत दोर घालायचा. दोराचं दुसरं टोक खाली सरांच्या हातात. “आणि मधेच पडली तर?” मी विचारलं. त्यांनी खरं तेच सांगितलं. “तर शेवटच्या मेखेपर्यंत येईल, आणि तिच्यापेक्षा जितकी वर होती तितकीच आणखी खाली. मग दोर धरेल.” मी “थांबवा” म्हणणार तोवर तुळजा चढायला लागली होती, आणि आता तिला मागे बोलावणं धोक्याचं आहे, असं सरांनी हातानेच खुणावलं.

पहिल्या काही मेखांपर्यंत ती अगदी सहज गेली. कडी लागल्याचा आवाज खाली ऐकू येई आणि मी श्वास सोडी. मग एक अरुंद कातळपट्टी लागली. ती ओलांडून तुळजा वर सरकली आणि तिथे थांबली. पुढची मेख डोक्याच्या वर होती. तिचा उजवा पाय थरथरताना मला दिसला. आधी हळू, मग शिवणयंत्राच्या सुईसारखा. तिने एकदा मान वळवून खाली पाहिलं. ती मला शोधत होती. तो चेहरा मी ओळखते. पाळण्यात असल्यापासून ओळखते. “खाली ये, तुळजा!” अशी हाक माझ्या ओठांपर्यंत आलीच.

पण हाक बाहेर पडली नाही. मागून एक हात आला आणि माझ्या तोंडावर बसला. राकट, धुराचा आणि हळदीचा वास येणारा बाईचा हात. “कत्तादे, मा,” कानाशी आवाज आला. ओरडू नकोस, बाई. मी मान झटकली, तसा तिने दुसरा हात माझ्या खांद्यांभोवती टाकून मला घट्ट धरून ठेवलं. मला इतका धक्का बसला की मी झगडायचंही विसरले. माझ्या तोंडावर आजवर कुणी असा हात ठेवला नव्हता, आणि तोही मुलगी कड्यावर लटकलेली असताना.

पुढचं सांगताना मला शब्द नीट सापडत नाहीत. मी प्रार्थना केली नाही. मागायला तोंडच नव्हतं. पाय हलवता येत नव्हते, हाक मारता येत नव्हती. वर माझं लेकरू होतं आणि त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्यापाशी काहीही उरलं नव्हतं. आतून फक्त एकच शब्द आला, “तुझी.” कुणाला म्हटलं तेही ठाऊक नाही. सांभाळ असंही म्हटलं नाही. आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर माझं अंग त्या परक्या बाईच्या अंगावर सैल पडलं.

वर तुळजाने हातातली कडी मेखेवर हलकेच आपटली. थांबली. पुन्हा आपटली. मग कडी न अडकवताच तिने कडीत घालायला वर ओढून घेतलेला दोर सोडून दिला. शेजारी सरांच्या तोंडून “का? का नाही अडकवत?” असं पुटपुटणं ऐकू आलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसला. ती मेख सोडून तुळजा डावीकडे सरकली, एका उभ्या भेगेत हात खुपसला आणि कशाचाही आधार नसताना वर चढत गेली. दोर तिच्या मागे नुसता लोंबत होता. मी डोळे मिटले नाहीत. मिटताच आले नाहीत. मग माथ्यावरच्या झुडपाआडून तिचा बारीक आवाज आला, “सर, झाडाला बांधलं!”

तोंडावरचा हात निघाला. मी मटकन खाली बसले.

सर त्याच वाटेने वर गेले आणि दोघं मागच्या पायवाटेने खाली उतरली. सरांच्या हातात ती मेख होती. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. वीतभर लांब, गंजलेली. “दोन बोटांनी निघून आली,” ते म्हणाले. “पावसाळ्यात भेग फाकली असणार. मी आधी वर जाऊन तपासायला हवी होती. चूक माझी आहे, अम्मा.” मी ती मेख मुठीत मिटली.

तुळजाला सांगायची घाई झाली होती. “बाकीच्या मेखा टण वाजतात, अम्मा. ही बद्द वाजली. म्हणून पुन्हा ऐकलं.” मग ती कमरेच्या दोराची गाठ सोडू लागली. “खरं सांगू? मला खाली यायचं होतं. तू हाक मारशील म्हणून मी वाट बघत होते. मारली असतीस ना, तर ऐकत बसलेच नसते. पटकन दोर अडकवून त्या मेखेच्या भरवशावर लोंबकळले असते.”

मी त्या कातळपट्टीकडे पाहिलं. ती मेख निसटून तुळजा जिथे आदळली असती, ती जागा तीच होती.

उठले आणि त्या बाईला शोधायला गेले. ती चुलीपाशी बसून पोंगल ढवळत होती. वयस्क, कपाळभर कुंकू, एक डोळा पांढरट झालेला. मी तिचे पाय धरले तशी ती दचकली. मी रडत विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“काय कळलं?” ती म्हणाली.

“मी हाक मारली असती तर माझी मुलगी पडली असती.”

“कुठली मुलगी?” तिने कड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “तिथे मुलगी होती? मला इतक्या लांबचं दिसत नाही गं.” मग तिने काठीने अंदाजानेच वरचा कडा दाखवला. माथ्याजवळ, तुळजा चढली त्याच्या जरा उजवीकडे, पुढे आलेल्या कातळाखाली पालथ्या कढईएवढं काळं काहीतरी लोंबत होतं आणि त्याची कड मंद हलत होती. आग्या माश्यांचं पोळं. “आम्ही इथे कुणाला ओरडू देत नाही. ती माशी उठली तर कुणालाच सोडत नाही. तू तोंड उघडलेलं दिसलं, म्हणून धरलं.”

सर माझ्या मागे उभे होते. मागच्या महिन्यात ते पोळं तिथे नव्हतं, एवढंच ते म्हणाले, आणि मुलांना गोळा करायला गेले.

या गोष्टीचा अर्थ मला कुणी विचारला तर मी सांगू शकणार नाही. त्या बाईला माझी मुलगी दिसली नव्हती, मला माश्या दिसल्या नव्हत्या, आणि ती मेख कुणालाच दिसली नव्हती. तरी आम्हा सगळ्यांतून काहीतरी गेलं आणि माझी तुळजा वाचली. ज्या हाताला मी झटकत होते तोच तुळजा आणि तिचं पडणं यांच्या मधे आडवा उभा होता. मला वाटायचं, मी पहारा सोडला की सगळं कोसळेल. त्या दिवशी तो पहारा माझ्याकडून काढून घेतला गेला, मला न विचारता, जवळजवळ जबरदस्तीने. कृपा हळुवारच असते असं मी समजत होते. तिची बोटं माझ्या गालांवर संध्याकाळपर्यंत दुखत होती.

तुळजाला मराठी बोलता येतं, पण बाळबोध लिपी वाचता येत नाही. म्हणून हे लिहिलेलं मीच तिला वाचून दाखवीन. ती अजून चढते, आणि आता मी तिला जा म्हणते. त्या बाईचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. निघताना तिने केळीच्या पानावर गरम पोंगल वाढला, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, “आधी पोरीला घाल. भुकेली असेल.”