मागून येणारा हात

आज निगडीच्या आमच्या वॉर्डात एका पेशंटचा भाऊ थेट शिफ्टवरून आला. त्याच्या कपड्यांना मशीन ऑइलचा वास होता. माझा हात नकळत ओठावरच्या जुन्या व्रणाकडे गेला.

तेव्हा मी चाकणजवळच्या एका मनोरुग्णालयात नवी सिस्टर होते. अख्ख्या वॉर्डाला मी एकटी. निघोजे गावचे दशरथभाऊ नावाचे पेशंट खिडकीशी कोवळ्या उन्हात उभे होते. पेशंट गोळी चुकवून पळू नये म्हणून हाक न मारता मागून खांदा धरायचा, ही तिथली रीत. मी धरला. त्यांचं कोपर गर्रकन फिरलं आणि माझ्या तोंडात रक्ताची खारट चव पसरली.

"हिंसक आहे, बांधून ठेवा," डॉक्टर म्हणाले.

दुपारी त्यांची बायको आली. माझा सुजलेला ओठ बघून कळवळली. "ताई, ह्ये पत्रा कापायच्या मशिनीवर व्हते. तितं मागनं कुणी हात लावत न्हाई. समोर येऊन हाक द्यायची. दचकलं की बोटं जात्यात."

तेव्हा मला दशरथभाऊंचा राग आला होता. आता येतो तो त्या रीतीचा, आणि अख्खा वॉर्ड एकटीवर टाकणाऱ्यांचा. म्हणून वरचे कितीही चिडले तरी दुसरी सिस्टर आल्याशिवाय मी शिफ्ट सुरू करू देत नाही.

आज नवी सिस्टर गोळ्या घेऊन, ज्याचा भाऊ आला होता त्या पेशंटच्या पाठीमागून जायला निघाली. मी तिला मागून ओढलं नाही. वळसा घालून तिच्यासमोर उभी राहिले.

"अशी समोरून जा," म्हटलं, "आणि आधी त्यांना नावानं हाक मार."